गाडी एक नंबर, पण... : अडलेल्या कार ब्रँडची ओळख कशी घडवतात

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत 2001 च्या अखेरीस स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि रस्त्यावर मारुती 800, ॲम्बेसिडर, सुमो आणि जीप यांचं राज्य होतं. त्या गर्दीत 1.9 लिटरचं डिझेल इंजिन, जड दरवाजे आणि लांब पल्ल्याला न डगमगणारी चाल घेऊन आलेली ही गाडी उठून दिसली. तरी पुढची वीस वर्षं तिच्याबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू यायचं: "गाडी एक नंबर, पण मेंटेनन्स परवडत नाही."

हे वाक्य कंपनीनं कुठल्या जाहिरातीत छापलं नव्हतं. तरी ब्रँडची ओळख म्हणतात ती हीच. गाडीचं नाव निघालं की समोरच्याच्या तोंडून जे पहिलं वाक्य येतं, ते. लोगो, रंग, घोषवाक्य, नट-नट्या हे सगळं त्या वाक्याच्या मागून येतं. अडचणीत आलेल्या ब्रँडला स्पष्ट ओळख द्यायची म्हणजे लोकांच्या तोंडचं वाक्य बदलायचं, आणि ते बदलायचं तर आधी ते कशामुळे तयार झालं हे शोधावं लागतं.

आधी दुखणं नेमकं कुठं आहे ते बघा

गाड्या खपत नाहीत म्हणजे ओळखीचाच प्रश्न आहे, असं नसतं. समजा लातूर जिल्ह्यात यंदा गाडी घेणारी 1000 माणसं आहेत. त्यातल्या 900 जणांना ब्रँडचं नाव माहीत आहे, 100 जण तिचा विचार करतात, 60 जण शोरूमला जातात, 40 जण चालवून बघतात आणि 8 जण बुकिंग करतात. (आकडे समजावण्यापुरते.) इथं दोन ठिकाणी गळती आहे. 900 वरून 100 वर आलो, ही ओळखीची गळती: नाव ठाऊक आहे, पण 'आपल्यासाठी' वाटत नाही. 40 वरून 8 वर आलो, ही वेगळी भानगड: किंमत, वेटिंग, जुन्या गाडीचा एक्सचेंजचा भाव, फायनान्स, नाहीतर सेल्समनच्या बोलण्यातली खोट. दुसऱ्या गळतीवर जाहिरातीचा उतारा चालत नाही. उलट जाहिरातीनं 100 चे 200 केले तर नाराज होऊन परत जाणारी माणसं दुप्पट होतात.

त्यानंतर माणसांशी बोलायचं. चार गट लागतात: आज गाडी वापरणारे, वापरून सोडून गेलेले, शोरूमला येऊन दुसरीच गाडी घेणारे आणि उंबराच न ओलांडणारे. प्रत्येक गटातल्या वीस-पंचवीस जणांशी तासभर बोललं तरी उत्तरं पुन्हा पुन्हा तीच यायला लागतात. "आमच्या ब्रँडबद्दल काय वाटतं?" हा प्रश्न मात्र विचारू नये, त्यावर माणूस भिडेखातर गोड बोलतो. विचारावं ते असं: शेवटच्या दोन गाड्यांत कोणकोणत्या होत्या आणि आमची कशावरून गळाली? मेहुण्यानं ही गाडी घेऊ का म्हणून विचारलं तर काय सांगाल? मेहुण्याच्या प्रश्नाला खोटं उत्तर सहसा मिळत नाही.

याशिवाय दोन माणसं या कामात सोन्यासारखी असतात आणि कंपन्या त्यांना हमखास विसरतात. एक, जुन्या गाड्यांचा व्यापारी. तीन वर्षं चाललेली गाडी तो कितीला उचलतो, हा ब्रँडबद्दलचा सर्वांत प्रामाणिक आकडा, कारण त्यात त्याचा स्वतःचा पैसा अडकतो. दुसरा, कंपनीबाहेरचा फिटर. परभणी, हिंगोली, बीडमध्ये नवी गाडी घेताना शोरूमच्या आधी त्याचा सल्ला घेतला जातो. "घेऊ नका, पार्ट भेटत नाहीत," एवढं तो म्हणाला की विषय संपला.

'मेंटेनन्स परवडत नाही' हे कसं तयार होतं

हे जरा तपशिलात बघायला हवं, कारण अडलेल्या बहुतेक परदेशी ब्रँडचं मूळ इथंच सापडतं.

गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून आणून इथं जोडली, म्हणजे तिचे बरेच पार्ट बाहेरून येतात. त्यावर आयात शुल्क, वाहतूक आणि विनिमय दराचा फटका बसतो. पार्ट महाग म्हणून डीलर ते साठवत नाही. गाडी आली की मागवतो. गाडी दहा-दहा दिवस उभी राहते. गाड्या कमी खपतात म्हणून डीलर मोजके. आता त्या डीलरच्या हिशोबाकडे बघा. शोरूमचं भाडं, पगार, वीज, टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या, बँकेचं व्याज हा खर्च महिन्याला 15 गाड्या विकल्या तरी तेवढाच आणि 80 विकल्या तरी जवळपास तेवढाच. नव्या गाडीवरचं मार्जिन डिस्काउंटमध्ये विरघळतं. मग खर्च निघणार कुठून? सर्व्हिसमधून. वर्कशॉपची कमाई डीलरशिपच्या ठरलेल्या खर्चाचा किती टक्के भाग भरून काढते, हे प्रमाण धंद्यात काटेकोर पाहिलं जातं. विक्री पडली की त्या प्रमाणाचा दाब सर्व्हिस ॲडव्हायझरवर येतो आणि बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन असल्या ओळी वाढत जातात. बिल फुगलं की गिऱ्हाईक वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजला जातं.

बाहेर गेल्यावर पुढचा अपघात ठरलेला. स्कोडाच्याच लॉराच्या 1.9 लिटर पीडी डिझेल इंजिनाचं उदाहरण घ्या. त्यात डिझेल फवारणारे इंजेक्टर कॅमशाफ्टच्याच जोरावर दाब तयार करतात, त्यामुळे कॅमच्या लोबवर (शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) प्रचंड ताण येतो. म्हणून त्याला फोक्सवॅगनच्या 505.01 मानांकनाचंच ऑइल लागतं. दुकानात 'डिझेल ऑइल' म्हणून जे समोर येईल ते ओतलं तर गाडी तेव्हा सुरळीत चालते, पण लोब घासत जातात. टायमिंग बेल्टचंही तसंच. तो ठरलेल्या किलोमीटरवर बदलायचा असतो आणि बदलताना कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारं लॉकिंग टूल लागतं. टूल नसताना अंदाजानं खूण करून बसवलेला बेल्ट एक-दोन दात इकडे-तिकडे झाला किंवा जुना बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं हेड उतरवावं लागतं. चूक ऑइलची किंवा बेल्टची असते, बदनामी ब्रँडच्या नावावर जमा होते. ज्या गावात अशी एक गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली, त्या गावात पुढची विकणं अवघड.

हे चक्र तोडायचं तर जाहिरात विभागाला बाजूला बसवून पार्टवाल्यांना पुढं बोलवावं लागतं. सर्वाधिक लागणाऱ्या बारा वस्तू घ्याव्यात: पुढचे ब्रेक पॅड, क्लच सेट, शॉक ॲब्सॉर्बर, कंट्रोल आर्मचे बुश, हेडलॅम्प, बंपर, बाजूचा आरसा, एसी कॉम्प्रेसर, तीन फिल्टर आणि बेल्ट किट. प्रतिस्पर्ध्याच्या तशाच पार्टचा भाव शेजारी मांडावा. जिथं फरक दीडपटीच्या वर जातो, तो पार्ट आधी इथं बनवून घ्यायचा. दुसरं काम, पाच वर्षं किंवा 75,000 किलोमीटरचा ठरलेल्या सर्व्हिसचा खर्च मराठीत लिहून शोरूमच्या भिंतीवर लावायचा आणि त्याबाहेरची प्रत्येक ओळ गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय बिलात घ्यायची नाही. तिसरं, मोठं शोरूम परवडत नसेल तिथं दोन बे (गाडी दुरुस्तीला उभी करायच्या जागा), एक लिफ्ट आणि एक शिकलेला तंत्रज्ञ एवढं छोटं वर्कशॉप. किनवट किंवा वसमतच्या माणसाला गाडी दाखवायला नांदेड गाठावं लागणं वेगळं आणि संभाजीनगर गाठावं लागणं वेगळं.

स्कोडाची पुढची वाटचाल याच दिशेनं झाली. 2018 मध्ये जाहीर झालेल्या 'इंडिया 2.0' योजनेत स्कोडाची मालकी असलेल्या फोक्सवॅगन समूहानं 1 अब्ज युरोची गुंतवणूक ठरवली आणि भारताची सूत्रं स्कोडाकडे दिली. त्यातून 2021 मध्ये कुशाक आणि 2022 मध्ये स्लाव्हिया आली. यांचे 95 टक्क्यांपर्यंत भाग भारतातच बनवण्याचं लक्ष्य होतं, कुशाकला 4 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरची वॉरंटी होती. या गाड्या चाकणला बनतात, शेंद्र्याला नव्हे, पण नाव तेच. 2020 मध्ये दहा हजारांच्या आसपास असलेली विक्री (त्या वर्षी कोरोनाही होता) 2022 मध्ये 53 हजारांच्या वर गेली. 2024 मध्ये ती पुन्हा 35 हजारांवर घसरली. भीती कमी झाली तरी खपाच्या गाड्या दोनच, त्याही गर्दीच्या टप्प्यात, आणि समोरचे दर वर्षी काहीतरी नवं आणत होते. पार्टचा भाव दुरुस्त करणं ही सुरुवात झाली. पुढं 'ही गाडी का घ्यावी' याचं उत्तर लागतंच.

वाक्य निवडायचं कसं

"उत्तम दर्जा, उत्तम सेवा, आधुनिक तंत्रज्ञान" ही ओळख होऊ शकत नाही, कारण याच्या उलटं कोणीच म्हणत नाही. निवडलेलं वाक्य असं हवं की त्यापायी काही गिऱ्हाईक सोडून द्यावं लागेल. प्रत्येक पर्यायाला चार प्रश्न लावावेत. ते आज खरं आहे का, निदान वर्षभरात खरं करता येईल का? त्यासाठी गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजेल का? शेजारच्या कंपनीला ते तीन-चार वर्षं जमणार नाही का? आणि ते दाखवता येतं का, की नुसतं सांगावं लागतं? शेवटच्या प्रश्नावर निम्मे पर्याय गळतात.

टाटाचं उदाहरण इथं चपखल बसतं. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीची ती पहिली पाच तारेवाली गाडी. पुढं अल्ट्रोझ आणि पंचलाही पाच तारे मिळाले आणि 'टाटा म्हणजे सुरक्षित' हे वाक्य रुजलं. वाक्य सिद्ध करता येणारं होतं, एका नाही तर तीन गाड्यांनी सिद्ध केलं, आणि ते लोकांच्या बोलीत उतरलं. लोक तारे मोजत नाहीत, ते बोनेटवर टकटक करून म्हणतात, "पत्रा जाड हाय." तांत्रिकदृष्ट्या हे चूक आहे. बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो. जीव वाचतो तो आतल्या उच्च ताकदीच्या पोलादी सांगाड्यानं, सीट बेल्टनं आणि एअरबॅगनं. पण ओळख अशीच पसरते.

उलट उदाहरणही टाटाचंच. नॅनो 2009 मध्ये आली ती 'लाखाची गाडी' म्हणून. सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून ती मांडली गेली ही चूक झाली, असं रतन टाटांनी पुढं उघडपणे सांगितलं. गाव बघत असताना घरासमोर 'सगळ्यात स्वस्त' म्हणून ओळखली जाणारी वस्तू कोण आनंदानं उभी करील? डॅटसन 2014 मध्ये भारतात आली तीही स्वस्ताईच्या बळावर, आणि 2022 मध्ये गेली.

गाडी इथं चारचौघांत बघितली जाते, याचा मासला औरंगाबादनंच घालून दिला. ऑक्टोबर 2010 मध्ये शहरातल्या उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे 65 कोटींचा. गंमत अशी की ऑडीची जुळणी शहराच्या वेशीवर, शेंद्र्यातच होत होती. पण आपल्या शहराचं नाव गाजवायचं तर लोकांना समजावून न सांगता कळेल असं नाव हवं होतं. मर्सिडीजचा तीन कोनांचा तारा कोणाला समजवावा लागत नाही.

आणि ओळख नसण्याचं उदाहरण हवं तर शेवरोलेचं. ऑप्ट्रा मुळात देवूची, टवेरा इसुझूची, स्पार्क म्हणजे देवूची मॅटिझ आणि फॉरेस्टर तर थेट सुबारूची. सगळ्यांवर बो-टायचं एकच चिन्ह. एक ना धड भाराभर चिंध्या. मराठवाड्यात टवेरा वऱ्हाडापासून प्रवासी वाहतुकीपर्यंत सगळीकडे धावली, पण टवेरा आवडली म्हणून कोणी शेवरोलेचीच क्रूझ घेतली नाही, कारण दोघींत चिन्हापलीकडे काही सामाईकच नव्हतं. 2017 च्या अखेरीस शेवरोलेनं भारतातली विक्री बंद केली.

वाक्य गाडीत उतरवणं

समजा ठरलं: 'चालवायला घट्ट आणि मनाला आश्वस्त करणारी गाडी'. आता हे इंजिनिअरला कळेल अशा मापांत मांडावं लागतं. स्टिअरिंग किती जड, स्पीड ब्रेकरवरून 30 च्या वेगानं गेल्यावर गाडी किती वेळा हेलकावते, 100 च्या वेगाला आत किती आवाज. दरवाजाचंच घ्या. शोरूममध्ये गिऱ्हाईक सगळ्यात आधी दरवाजा उघडून लावतं. 'धप्प' असा एकच दबका आवाज यायला चार गोष्टी लागतात: पत्र्याला आतून चिकटवलेले दोन-तीन मिलिमीटरचे डांबरी पॅड, दुहेरी रबरी सील, प्लास्टिकचं आवरण असलेला कुलपाचा खटका आणि काच घट्ट धरणारी पट्टी. यातलं एक काढलं की 'खण्ण' येतं. खर्चकपातीच्या बैठकीत सगळ्यात आधी ही पॅड कापली जातात, कारण ती दिसत नाहीत. ओळख लिहून ठेवायची ती अशा बैठकीसाठी: कुठल्या गोष्टीला कात्री लावायची नाही, याची पंधरा-वीस कलमांची यादी.

स्कोडाच्या छोट्या सोयीही या कामाच्या. सुपर्बच्या दरवाजात छत्री ठेवायची नळी, काचेवर पार्किंगची चिठ्ठी अडकवायची क्लिप. पैशात मोजलं तर किरकोळ, पण मालक ते पाहुण्याला दाखवतो.

डिझेलची गोष्ट मात्र उलटी. मराठवाड्यात या ब्रँडचं अर्धं आकर्षण डिझेलच्या ओढीत आणि ॲव्हरेजमध्ये होतं. धुराच्या प्रदूषणाच्या बीएस 6 नियमांसोबत एप्रिल 2020 पासून फोक्सवॅगन समूहानं भारतात डिझेल इंजिनं थांबवली. निर्णयामागचा हिशोब समजण्यासारखा आहे, पण ओळखीचा एक खांब काढला की दुसरा उभा करावाच लागतो, नाहीतर जुनं गिऱ्हाईक सरळ बोलेरो-स्कॉर्पिओकडे वळतं.

नावांकडे दुर्लक्ष फार महागात पडतं. जगात जी दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया होती, ती भारतात 2005 मध्ये लॉरा म्हणून आली, कारण पहिली ऑक्टाव्हिया इथं विकली जातच होती. 2013 मध्ये पुढची पिढी आली ती पुन्हा ऑक्टाव्हिया. एका नावानं कमावलेली पत अशी मध्येच तुटली. आता एसयूव्हींची नावं इंग्रजीत के ने सुरू होऊन क्यू ने संपतात: कोडिआक, कुशाक, कायलाक. कानाला सारखी वाटतात हे खरं, पण कुटुंब एक आहे हे कळतं. कायलाकची लांबी 3,995 मिलिमीटर आणि इंजिन 1 लिटरचं ठेवण्यामागं करांचं गणित आहे: 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के, बाहेर गेलं की 40 (सप्टेंबर 2025 पासूनचे दर).

व्हेरिएंट छाटणं हे कंटाळवाणं पण सगळ्यात लवकर फळ देणारं काम. पाच ट्रिम (सोयी-सुविधांच्या पायऱ्या), दोन इंजिनं, दोन गिअरबॉक्स आणि सात रंग म्हणजे 140 प्रकार. लातूरचा डीलर दहा-बारा गाड्या उभ्या ठेवू शकतो. दसरा-दिवाळीला सोयाबीनचा पैसा हातात आलेल्या माणसाला हवी ती गाडी मिळत नाही, आणि नको असलेल्या गाड्या मार्चमध्ये मोठ्या डिस्काउंटवर जातात. त्या डिस्काउंटनं गेल्या वर्षी पूर्ण पैसे दिलेल्या मालकाच्या गाडीचाही भाव पडतो. तीन ट्रिम, चार रंग पुरतात.

क्रम आणि वेळ

पहिल्या सहा महिन्यांत पार्टचे भाव, सर्व्हिसचे ठरलेले दर, व्हेरिएंटची छाटणी. दीड वर्षापर्यंत फेसलिफ्ट: बंपर, ग्रिल, दिवे, सीट, स्क्रीन, सस्पेन्शनचं ट्युनिंग. छत, दरवाजे, व्हीलबेस यांना हात लावायचा नाही, कारण पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या नव्या डायचा (साच्याचा) खर्च फेसलिफ्टमध्ये निघत नाही. पूर्ण नव्या गाडीला तीन-चार वर्षं. नवा लोगो गाडीच्या आधी आणू नये. महिंद्रानं सेडानचा नाद सोडून एसयूव्हीवर भर दिला, 2020 मध्ये नवी थार आणली आणि एसयूव्हींसाठीचं नवं चिन्ह ऑगस्ट 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 सोबत दाखवलं. दाखवायला माल होता म्हणून चिन्हाला अर्थ आला.

काम बिघडतं ते बहुधा तिसऱ्या वर्षी. नवा साहेब येतो, आधीचं वाक्य त्याला शिळं वाटतं, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. म्हणून आकडे आधीच ठरवून ठेवावेत आणि दर तिमाहीला तेच बघावेत: गाडीमागे डिस्काउंट किती गेला, तीन वर्षं जुन्या गाडीला व्यापारी नव्याच्या किती टक्के देतो, वॉरंटी संपल्यावर किती मालक अधिकृत वर्कशॉपला परत येतात, पार्टअभावी तीन दिवसांपेक्षा जास्त किती गाड्या उभ्या राहिल्या. आणि वर्षातून एकदा, त्याच परभणी-बीडच्या फिटरांकडे जाऊन मेहुण्याचा प्रश्न विचारायचा. त्यांच्या उत्तरातला 'पण' गेला की नाही, ते लिहून ठेवायचं.